चार दात आणि एक ‘स’

ती. आत्या हिला,

उठून, वाकून करायचा नमस्कार आज बसल्या जागेवरूनच करतो आहे, तेवढा गोड मानून घे. (कंबर धरली आहे. काळजीचं काही नाही. बारा वर्षं लोकांच्या दातांवर वाकून बसलो, तिनेही कधीतरी दात दाखवायचेच.) तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी दिलेला व्यायाम तू स्वतः करतेस, की मुख्याध्यापिका असतानाच्या सवयीने दुसऱ्या कुणाला करायला लावून आपण नुसते आकडे मोजतेस? इकडे सगळे मजेत. बाबांचं वजन होतं तेवढंच आहे, आवाज थोडा वाढला आहे.

तुझं पत्र मिळालं. छकुलीची हकिकत वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. (तुझी नात बावीस वर्षांची झाली, आता तिला छकुली म्हणणं बरं दिसत नाही हे कळतं, पण जीभ वळत नाही.) नोकरीच्या अर्जात ‘तुमच्यातले पाच गुण लिहा’ असा रकाना आहे आणि पोरगी तीन आठवडे त्या रकान्यासमोर बसून आहे, एकदा ‘मेहनती’ लिहिलं, मग शंका आली म्हणून खोडलं. त्यावर तू मला फर्मान काढलंस की, सगळ्या घराने ज्याच्यावर पाणी सोडलं होतं तो तू आज बारा वर्षं एका जागी टिकून आहेस आणि कामाला जाताना गुणगुणतोस असं तुझे बाबा सांगतात, तर कोणत्या गुणांमुळे तुझं बस्तान बसलं ते लिहून पाठव. एकच पान, मुद्देसूद, फापटपसारा नको.

आत्या, मी इमानदारीत कागदावर ‘मुद्दा पहिला’ असं लिहिलं, खाली रेघ मारली आणि तिथेच तासभर अडकलो. शेवटी आमच्या लॅबच्या मालकीणबाईंना विचारलं. (आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतो.) त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘गुण? तुझे? थांब, विचार करून सांगते.’’ याला आज नऊ दिवस झाले. त्या अजून विचार करताहेत. तेव्हा मुद्दे राहू देत, जे घडलं तेच लिहितो. त्यातून गुण वेचून काढायचं काम तुम्ही आजी-नात मिळून करा.

माझ्या आधीच्या नोकऱ्या तुला पाठ आहेत, पण छकुलीला ठाऊक नसतील. बुटांच्या दुकानात मी पाच आठवडे होतो. गिऱ्हाइकाने बूट घातला की मी अंगठ्याजवळ दाबून बघायचो आणि म्हणायचो, हा तुम्हाला चावणार. चावणारच होता! पण दुकानदाराचं म्हणणं असं की, ते गिऱ्हाइकाला घरी जाऊन कळू दे. त्यानंतर तक्रारीचे फोन घ्यायची नोकरी लागली. तिथे एका फोनला चार मिनिटं असा नियम होता. एका आजोबांचा फ्रिज रात्रंदिवस घुमत होता, तो नेमका कसा घुमतो हे मी बावन्न मिनिटं ऐकून घेतलं, त्यांना रिसीव्हर फ्रिजच्या मागे धरायला लावला, आणि मागची एक पट्टी भिंतीला घासते आहे हे फोनवरून ओळखलं. आजोबांनी कंपनीला माझं कौतुक करणारं पत्र पाठवलं. कंपनीनेही मला एक पत्र दिलं. त्यात कौतुक नव्हतं.

मग मी घरी बसलो आणि बाबांना नवी कवळी आली. ती कवळी म्हणजे एक स्वतंत्र प्राणी होता. बाबा बोलायला लागले की ती अर्धा शब्द मागे राहायची. जेवताना ते ती काढून शर्टाच्या खिशात ठेवत, म्हणजे जेवायचे दात खिशात आणि घास हिरडीवर. मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी ती घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लॅबचा पत्ता दिला, जिथे कवळ्या बनतात. (डॉक्टर तोंडात लगदा दाबून माप घेतात आणि लॅबला पाठवतात, दात तिथे घडतात हे तोवर मलाही माहीत नव्हतं.) मी गेलो. परत गेलो. चार वेळा गेलो. दर वेळी बाबांना निरखून आल्यावर मी सांगायचो की डावीकडे मागचा दात आधी टेकतो, म्हणून कवळी उजवीकडे उचकटते. पाचव्या खेपेला बाई वैतागल्या, हातातली कानस माझ्यापुढे आपटली आणि म्हणाल्या, ‘‘इतकं कळतं तर बस आणि तूच कर!’’

त्या रागाने म्हणाल्या होत्या. मला ते आमंत्रण वाटलं. मी बसलो. संध्याकाळी बाई दिवे घालवायला आल्या तेव्हा मी अजून तिथेच होतो आणि तो मागचा दात बरोबर बसला होता. दुसऱ्या दिवशी मी परत आलो, तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, फक्त एक जुना एप्रन दिला. तेव्हापासून आहे.

आमची लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला प्लास्टरच्या जबड्यांची फडताळं, खिडकीखाली तीन टेबलं, मेण वितळवायचा छोटा दिवा, आणि कोपऱ्यात घासून चकचकीत करायचं चाक, जे सुरू असताना बाई जे बोलतात ते कोणालाच ऐकू येत नाही. (त्या महत्त्वाचं सगळं तेव्हाच बोलतात.) इथे मला कोणी घाई करत नाही. केसाएवढी चूक राहिली तर ज्याच्या तोंडात दात बसतात त्याला ती पहारीएवढी टोचते, म्हणून इथे हळू असणं चालतं. मला वाटलं, झालं, आपल्याला आपलं घर सापडलं. आता चुका संपल्या. आणि इथेच, आत्या, मी सगळ्यात मोठी चूक केली.

गेल्या वर्षी बसस्टँडवरच्या निवेदिकेचे दात आमच्याकडे आले. गाड्या कुठून सुटणार, किती वाजता, कोणती रद्द झाली, हे माइकवरून सांगतात त्या. वय माझ्याहून दोन वर्षांनी कमी, म्हणजे चाळीस. घाईघाईत बसच्या पायरीवरून पडल्या आणि वरचे पुढचे चार दात गेले. मी चार दातांची सुरेख पट्टी बनवली. इतकी सुरेख की बाईंनी उजेडाकडे धरून दोनदा बघितली. (त्या एकदाच बघतात.) आठवड्याने पट्टी परत आली. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी: ‘स म्हणताना शिट्टी वाजते.’ मी दातांमागचा भाग थोडा घासून दिली. परत आली. ‘आता श मध्येही वाजते.’

तू विचार कर, एखाद्याला दिवसभर ‘सहा नंबरच्या फलाटावरून सव्वासातला सुटणारी सकाळची साधी बस’ असं म्हणावं लागतं आणि त्याला नेमका स जमत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, मला त्यांचं बोलणं ऐकायला हवं, मापावरून शिट्टी कळत नाही. डॉक्टर कामात होते. म्हणाले, ‘‘ऐकायचंच असेल तर स्टँडवर जाऊन बसा की. सगळं गाव ऐकतं.’’

मी पट्टी तशीच त्यांना परत पाठवली, वही घेऊन गेलो आणि तीन नंबरच्या फलाटाच्या बाकावर दोन दिवस बसलो. त्यांची काचेची खोली समोरच होती. त्या बोलल्या की मी वहीत लिहायचो: ‘सात’मध्ये वाजते, ‘बस’मध्ये वाजत नाही, ‘उशिरा’त अर्धी वाजते. मग जीभ कुठे लागते ते कळावं म्हणून मी स्वतःशी म्हणून बघायचो. स, स, सा, सात. आता लांबून हे कसं दिसत असेल ते बघ. एक माणूस, कोणत्याही बसमध्ये न चढता दोन दिवस बाकावर बसून, खोलीतल्या बाईकडे टक लावून, ती बोलली की काहीतरी लिहून घेतो आणि सापासारखा फुसफुसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रखवालदाराने माझ्या दंडाला धरलं आणि आगारप्रमुखांसमोर उभं केलं.

आगारप्रमुख म्हणजे गृहस्थ माणूस, पण त्या महिन्यात वैतागलेला. स्टँडवर शिट्टी वाजते अशा तक्रारी येत होत्या, म्हणून त्यांनी दोनदा माइक बदलला होता आणि वायरमनला तीनदा कर्ण्यावर चढवलं होतं. त्यांनी मला विचारलं, कोण तुम्ही, आणि इथे काय करताय? मी सांगितलं, मी दात बनवतो. ते म्हणाले, पुरावा? आणि आत्या, माझं डोकं तेव्हा सगळं त्या स मध्ये होतं. मी खिशातून डबी काढली, नवीन घडवलेले चार दात त्यांच्या टेबलावर ठेवले आणि मोठ्या अभिमानाने म्हणालो, ‘‘हे बघा, हे तुमच्या निवेदिकाबाईंचे!’’

त्याच वेळी त्या दारात उभ्या होत्या. रखवालदाराने त्यांनाही बोलावून आणलं होतं, माझी ओळख पटवायला.

दात खोटे आहेत हे त्यांनी स्टँडवर कोणालाही कळू दिलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते तिथेच समजायला हवं होतं, आणि समजलंही; फक्त बोलून झाल्यावर. आगारप्रमुखांनी एकदा दातांकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि म्हणाले, ‘‘अच्छा! म्हणजे माइक चांगलाच होता.’’ मग घसा साफ करून त्यांनी सांगितलं की वरच्या ऑफिसातून गाड्या आपोआप पुकारणारं यंत्र येणारच आहे, पंधरा दिवसांनी बसवतील; तोवर काही सुधारलं तर ठीक, नाहीतर निवेदिकाबाईंना मागे पास काढायच्या खिडकीत बसवू. त्या ‘बरं’ म्हणाल्या. एवढंच. त्या ‘बरं’मध्ये स नव्हता, तरी ते मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता, ड्यूटी संपवून, त्या लॅबमध्ये आल्या. आमच्याकडे पेशंट कधी येत नाहीत, त्यामुळे बाईंनी चाक बंद केलं. निवेदिकाबाईंनी पट्टी माझ्या टेबलावर ठेवली आणि तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या, ‘‘तुमचं काम दात बनवायचं. दवंडी पिटायचं काम माझं आहे.’’

मी म्हटलं, चुकलो. मग म्हटलं, त्याला काही कारण नाही, नुसता चुकलो. त्या जायला वळल्या. बाई मागून म्हणाल्या, ‘‘अहो, त्याच्यावर रागवा, दातांवर कशाला? बसा. चूक करतो तो, पण दुरुस्त केल्याशिवाय उठत नाही.’’ (बाईंच्या तोंडून माझ्याबद्दल बारा वर्षांत निघालेलं हे एकच चांगलं वाक्य. छकुलीला हवं तर अर्जात उतरवून घेऊ दे.)

त्या स्टुलावर बसल्या, ताठ, पर्स मांडीवर. मी धीर करून विचारलं की पडायच्या आधीचा, हसतानाचा एखादा फोटो आहे का. त्यांना तेही आवडलं नाही, पण पर्समधून एक काढून दिला: स्टँडच्या सगळ्या मंडळींचा, त्या मध्ये उभ्या, खळखळून हसताहेत. मी भिंग घेऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. त्यांच्या मूळच्या पुढच्या दोन दातांत बारीक फट होती आणि शेजारचा एक दात किंचित आडवा, अंगावर रेलल्यासारखा. चाळीस वर्षं त्यांची जीभ त्या फटीवर, त्या रेललेल्या दातावर स म्हणायला शिकली होती. आणि मी बनवले होते जाहिरातीतल्यासारखे चार सरळसोट दात, एका ओळीत कवायतीला उभे. मी त्यांचे दात बनवलेच नव्हते, आत्या. मी माझी हौस बनवली होती.

हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, ‘‘म्हणजे वाकडे दात परत लावणार?’’ मी म्हटलं, ‘‘हो. तुमचेच.’’

मग कामाला लागलो. मेणात बसवायचे, त्या म्हणून बघायच्या, मी खरवडायचो, परत मेण, परत स. डॉक्टरांनीही परवानगी दिली. म्हणाले, तुमचं तुम्ही निस्तरा. त्या एकूण अकरा खेपा आल्या. (चिकाटी हा गुण छकुलीला लिहायचा असेल तर हा आकडा देता येईल.) येताना वेळापत्रक घेऊन यायच्या आणि आमच्या खोलीत उभ्या राहून सगळ्या गाड्या सोडायच्या. बाईंना आता पहाटेच्या सगळ्या गाड्या पाठ झाल्या आहेत आणि त्या आयुष्यात कधी बसने गेलेल्या नाहीत. मी एकदा निवेदिकाबाईंना विचारलं, इतकी वर्षं तेच तेच म्हणून कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, तेच तेच कुठे असतं; कोणीतरी दवाखान्यात निघालेलं असतं, कोणाची परीक्षा असते, आवाज नीट गेला नाही तर ते माणूस भलत्याच बसमध्ये चढतं. हे त्यांनी असं सांगितलं जसं तू मला पाढे सांगायचीस. मी तेव्हा खरवडत होतो, मान वर केली नाही, पण ते वाक्य मी ठेवून घेतलं आहे.

पंधरा दिवसांनी यंत्र बसलं, आणि स सुधारूनही त्यांना पास खिडकीत बसावं लागलं. गोड आवाजाचं, न चुकणारं. तिसऱ्याच सकाळी नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी अचानक बंद झाला. सगळ्या गाड्या वळवल्या, फलाट बदलले, आणि यंत्र आपलं गोड आवाजात लोकांना त्या फलाटांवर पाठवत राहिलं जिथे बस येणारच नव्हती. लोक सामान घेऊन इकडून तिकडे पळायला लागले. एका म्हाताऱ्या जोडप्यातले आजोबा पाच नंबरवर आणि आजी नऊ नंबरवर अशी ताटातूट झाली. आगारप्रमुख स्वतः पास खिडकीपाशी धावत गेले. त्या उठल्या, काचेच्या खोलीत गेल्या, यंत्राचं बटण बंद केलं आणि माइक हातात घेतला.

मी त्या दिवशी बाकावर होतो. (योगायोगाने.) दोन तास त्या थांबल्या नाहीत. सातची सहावर, सव्वासातची सोळावर, सावकाश चला, सामान सांभाळा, पाच नंबरवरचे आजोबा, तुमच्यासाठी नऊ नंबरवर कोणीतरी थांबलंय. मी वही उघडून बसलो होतो. एकही शिट्टी नाही. एकही नाही, आत्या! रखवालदार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘‘जमलं की हो तुम्हाला.’’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

आता रोजच्या ठरलेल्या गाड्या यंत्र सांगतं आणि बाकी सगळं त्या. ‘बाकी सगळं’ रोज असतंच.

तर असं आहे. गुण कोणते ते मला अजूनही सांगता येत नाही. पण छकुलीला एवढं सांग की, ‘अजून बरोबर झालेलं नाही’ हे कोणी तोंडावर म्हटलं आणि तरी उद्या त्याच टेबलाशी जाऊन बसावंसं वाटलं, तर ते काम आपलं समजायला हरकत नाही. बुटांच्या दुकानात मला तसं एकदाही वाटलं नाही. इथे रोज वाटतं. बाजारात कोणी अनोळखी माणूस हसला की मी आधी दात बघतो, आणि कधी कधी ते माझे असतात. त्याला ते माहीत नसतं. मी पुढे जातो, पण दिवस चांगला जातो. आणि हो, ‘मेहनती’ परत लिहायला सांग. जी पोरगी एका शब्दाच्या खरेपणासाठी तीन आठवडे बसते तिने तो शब्द खोडायचं कारण नाही.

पान एक सांगितलं होतंस, किती झाली ते मोजू नकोस. गुडघ्याला जप.

तुझा आज्ञाधारक (पण मुद्देसूद नसलेला) भाचा

ता. क. चिकाटीबद्दल वर लिहिलं आहे ते छकुलीला देण्याआधी थोडं झाकून ठेव. पट्टी पाचव्या खेपेलाच ठीक बसली होती. उरलेल्या सहा खेपा ‘अजून जरासं राहिलंय’ असं मीच म्हणत होतो, आणि खरवडत होतो ते टेबलावरचं जुनं मेण.

ता. क. दुसरा. तर खरं काम असं की, येत्या रविवारी तू इकडे ये. त्याही येणार आहेत, बाईंनी दोघांना जेवायला बोलावलं आहे. तू त्यांच्याशी बोल. काय बोलायचं ते तुला कळलंच असेल. मी सुरुवात केली तर बुटांच्या दुकानापासून करीन. छकुलीसाठी म्हणून लिहितो सांगितलं, तेही खोटं नाही, पण हे लिहायला मला निमित्त हवं होतं. पत्र टाकण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ बघायला त्यांच्याकडेच देतो आहे, त्यांचं शुद्धलेखन पक्कं आहे. हे शेवटचं पान अर्थात काढून घेईन.

(वेगळ्या अक्षरात)

आत्याबाईंना नमस्कार. शेवटचं पान काढून घ्यायचं ते विसरले. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आहे, बाकी कशाला हात लावलेला नाही. पाचव्या खेपेचं मला त्याच दिवशी कळलं होतं. आपला स आपल्याला ऐकू येतो. रविवारी नऊ पस्तीसची बस घ्या, दहा वीसची नेहमी उशिरा येते. पायरी जरा उंच आहे, गुडघा सांभाळून उतरा. मी फलाटावर असेन.